रिकाम्या खुर्चीचे चार प्रकार

ट्यूनिस, २ जून

ती. कुमुदताईस,

साष्टांग नमस्कार. (पाठ आता तितकी वाकत नाही, पत्रातून घालायला हरकत नसावी.) तुझे गुडघे, दाजींचा मधुमेह आणि शेजाऱ्यांशी चाललेला कुंपणाचा वाद, तिन्ही आटोक्यात आहेत असे धरून चालतो.

तक्रार अशी की, गेला आठवडाभर जलीलाबाई माझ्याविरुद्ध मोगरा वापरत आहेत. झाले असे. आमच्या ग्रंथालयाच्या अभ्यासिकेत शंभर खुर्च्या. त्या निम्म्याही भरत नसतील तर दालन विवाहनोंदणीला द्यायचे, असे वरून फर्मान आले. शालान्त परीक्षा पुढच्या आठवड्यात, आणि घरी एका खोलीत पाच भावंडे असलेली पोरे जाणार कुठे? म्हणून प्रमुखांनी, सी मुन्सिफांनी ('सी' म्हणजे इकडचे 'श्रीयुत'), दर तासाला डोकी मोजायचे काम मला दिले. (हस्तलिखिते वाचणाऱ्याला मोजताही येत असावे, हा त्यांचा भाबडा समज.) पहिला आठवडा मी एकट्याने मोजले. भर गर्दीला एक्केचाळीस. आकडा ऐकून दालन सांभाळणाऱ्या जलीलाबाईंनी स्वतःची वही उघडली. त्यांचे भरले त्रेसष्ट.

आता रिकामी खुर्ची ही साधी वस्तू नव्हे. आपल्या नैयायिकांनी अभावाचे चार प्रकार केले ते इथली पोरे पाहूनच, अशी माझी खात्री होत चालली आहे. यायचा आहे तो प्रागभाव. कॉफीला उठून गेला तो प्रध्वंसाभाव. पाय मोडलेल्या खुर्चीवर अत्यंताभाव. आणि लुत्फी नावाच्या पोराच्या नेहमीच्या जागी भलताच बसलेला, हा अन्योन्याभाव. हे सगळे बाईंनी सूर्यफुलाच्या बिया सोलत शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "सी विद्याधर, पोरगं पाणी प्यायला गेलं, की तेवढ्यात जगातून जातं का हो?" त्यांचा नियम असा: उठताना टेबलावर मोगऱ्याचा गुच्छ (इकडची पोरे उन्हाळ्यात कानामागे खोचतात तो) ठेवला असेल, तर वास आहे तोवर खुर्ची भरलेली. (वास म्हणजे राहणेही, बाईंना संस्कृत येत नाही म्हणून बरे, नाहीतर वाद मी तिथेच हरलो असतो.)

शेवटी मंगळवारी आम्ही बरोबर फिरलो. फुले, पिशव्या वगळून नुसती डोकी. खिडकीकडच्या रांगेतून जाताना एका खुर्चीला मी 'रिकामी' म्हणालो. खुर्चीने वहीतून मान वर केली. "मग मी कोण, काका?" सगळे दालन हसले. जलीलाबाई तेवढ्या हसल्या नाहीत.

बाकी इकडे क्षेम. दाजींना नमस्कार.

तुझा,
विद्याधर

ता. क. वाद मिटला. फुले वगळून बाईंची अठ्ठावन्न डोकी भरली, माझी तीच एक्केचाळीस. सुटलेली सतराच्या सतरा माझ्या डाव्या हाताला बसलेली होती.

आणखी एक. आईची दृष्टी गेली तेव्हा कोणत्या बाजूने सुरुवात झाली, आणि तिचे वय काय होते? डॉक्टरांचे कागद तुझ्याकडे असतील तर फोटो काढून पाठव. पहिल्या आठवड्याचा तक्ता माझ्या सहीने वर गेला आहे. तो चुकला हे उद्या सी मुन्सिफांना सांगतो, नाहीतर पोरांचे दालन जाईल. का चुकला तेही सांगावे लागेल, आणि मला ठेवले आहे ते पोथ्या वाचायला. जलीलाबाई बरोबर येते म्हणाल्या आहेत. मला भीती वाटते आहे, ताई.