ओला कापूस

ताई,
तुला नमस्कार, बाबांच्या पायांवर डोकं ठेवते. पत्र त्यांच्या उशाशी बसून मोठ्याने वाच. डोळे मिटलेले असले तरी ऐकू येत असेल.

मी मजेत आहे, जेवते वेळेवर. संग्रहालयातलं काम गोगलगाईच्या गतीनं चाललंय. हसू नकोस, काम तिचंच आहे! एका बेटावरची ही दुर्मीळ जात आता तिथे कुणालाच दिसत नाही. उरलेत ते आमच्या कपाटातले शंख आणि त्यांच्या नोंदी.

काल शेवटच्या शंखाचं तोंड पांढऱ्या पापुद्र्यानं बंद दिसलं. कोरड्या दिवसांत ती असं दार लावून वर्षानुवर्षं निजते म्हणे. आमच्या बाई एरवी कडक, पण म्हणाल्या, "आधी ओला कापूस लावून बघ. मग 'मृत' लिही."

इथून पुढचं मनातल्या मनात वाच.

दिवसभर कापूस ओला करत राहिले. काहीच हललं नाही. नोंद केली, पण पेन्सिलीनं. बाईंनी पाहिलं आणि नोंद तशीच राहू दिली.

डॉक्टर काय म्हणतात ते कळवू नकोस. तू जेवतेस ना? बाबांच्या ओठांवर ओला कापूस फिरवत राहा, वाळू देऊ नकोस. शनिवारी निघतेय.

आता पुन्हा मोठ्याने वाच: बाबा, खुशाल निजा. मी आले की उठवीन.

तुमची धाकटी