बाराशे मीटरची बॅटरी

३ जानेवारी, सकाळी ११.२०

बॅटरी आली. कुरिअरवाल्यानं तीनदा फोन करून घर विचारलं. मलकापुरात लालासाहेब वायरमनचं घर विचारावं लागतं म्हणजे माणूस नवीन असणार.

कंपनी तिला 'कॉम्पॅक्ट लाँग थ्रो टॉर्च' म्हणते. अंगठ्यापेक्षा थोडी मोठी. झोत बाराशे मीटर. बुडाला लोहचुंबक. माझ्या दृष्टीनं लोहचुंबकच महत्त्वाचं. पत्र्याला चिकटवायची, दोन्ही हात मोकळे. धरायला कुणी लागत नाही.

हे मी कुणाला उद्देशून लिहीत नाही.

दुपारी ३

नोंद असावी म्हणून लिहितो. खात्यात सवय होती, फॉल्ट झाला की लॉगबुकात कारण लिहायचं. १२ डिसेंबरला संध्याकाळी आमच्या मीटरबोर्डाचा फ्यूज गेला. आमची मंडळी, मनुबाई, जुनी बॅटरी धरून उभी. चाळीस मिनिटं. झोत हलत होता. मी म्हणालो, नीट धर. चारपाच वेळा म्हणालो असेन. शेवटी म्हणालो, की खांबाला बांधली असती तरी ह्याच्यापेक्षा बरी राहिली असती. तिनं बॅटरी खिडकीत ठेवली, चालूच, आणि आत जाऊन पिठलं टाकलं. दुसऱ्या दिवशी साडेआठच्या गाडीनं रेश्माकडं सांगलीला गेली. चार दिवसांसाठी.

आज बाविसावा दिवस. कारण : रेश्माची कंबर धरली आहे. लेकीची कंबर धरल्यावर आई जाणारच. त्याचा आणि फ्यूजचा संबंध नाही.

४ जानेवारी, संध्याकाळी ७.१०

गच्चीवरून टेस्टिंग. पाण्याच्या टाकीवरचे आकडे वाचले. हायवेपलीकडच्या हॉटेलची पाटी वाचली. मग कृष्णातच्या शेडवर झोत मारला. मोजून आठशे मीटर. म्हशीच्या कानातला बिल्ला दिसला.

दोन मिनिटांत कृष्णातचा फोन. कुठल्या येड्यानं बॅटरी मारलीया म्हणून विचारत होता. मी म्हणालो मीच. मग म्हणाला, तात्या, तुमी हाय व्हय, म्हस दूध चोरायला लागली की. पण इम्प्रेस झाला. आपणही मागवतो म्हणाला. म्हणजे एका दिवसात एक माणूस.

संकल्प असा, की महिनाभर वापरून वेबसाइटवर मालकाचा अभिप्राय लिहायचा. लोक दोन दिवसांत काहीतरी खरडतात. आणि मनुबाईला आठवड्यातून एकदाच फोन करायचा. जास्त केला की माणसाला वाटतं, आपल्यावाचून ह्यांचं अडतंय.

५ जानेवारी

फोन केला. चार्जरची वायर कुठं आहे ते विचारायचं होतं. वायर हातातच होती, पण खात्री करून घेतलेली बरी. तिनं विचारलं जेवला का. म्हणालो, मस्त.

७ जानेवारी, संध्याकाळी ६.५०

स्वयंपाकघरातला सॉकेट सैल झाला होता. पहिलं काम नव्या बॅटरीवर. लोहचुंबकानं फ्रिजला चिकटवली. झोत बरोबर सॉकेटवर. पण झोत म्हणजे रुपयाएवढा गोल. स्क्रू दिसतो तर स्क्रूड्रायव्हर दिसत नाही. स्क्रूड्रायव्हर दिसला की वायर अंधारात. शिवाय भिंतीचा पांढरा ऑईलपेंट, त्यामुळे उजेड उलटा डोळ्यात. मग दातात धरली. टर्बोवर, म्हणजे सगळ्यात जोराच्या उजेडावर होती. तापते.

ओठाला खोबरेल लावलं आहे. दोष भिंतीचा आहे. पांढरा रंग मनुबाईनं निवडला होता.

१० जानेवारी

महिना कशाला थांबायचं. मला पहिल्या दिवसात कळतं. अभिप्राय टाकला तो इथं उतरवून ठेवतो :

'मी वीजखात्यात छत्तीस वर्षे वायरमन होतो. पावसापाण्यात बॅटरी घेऊन लाईन शोधण्यात हयात गेली. त्यामुळे माझे मत अंतिम समजावे. झोत जोरदार. एकट्या माणसास अत्यंत उपयुक्त. पाच स्टार.'

दुपारपर्यंत खाली एकानं प्रश्न टाकला, जवळचं कसं दिसतं. मी उत्तर दिलं, जवळचं बघायला बॅटरी कशाला लागते.

१३ जानेवारी, भोगी

मनुबाई आज येणार. तसं ती म्हणाली नाही, पण सणाला बाई स्वतःच्या घरी नसते असं कधी झालेलं नाही. सकाळी अंगण झाडलं. बाजारातून बाजरीचं पीठ, तीळ, वांगी, पावटा, हरभऱ्याचे घाटे, सगळं आणलं. साडेदहाची गाडी बघितली, साडेबाराची बघितली. स्टँडवर जाऊन नाही. गच्चीवरून रिक्षा दिसतात.

दुपारी ४

सांगलीच्या गाडीच्या ड्रायव्हरचा फोन, की तुमचा डबा आहे, कराड स्टँडवर येऊन घ्या. भाकरी, भाजी, तिळगूळ. भाकऱ्या अजून मऊ होत्या. तीन होत्या. मी दोन खातो हे तिला माहीत आहे, तिसरी सकाळी दुधात कुस्करून खातो हेही माहीत आहे.

म्हणजे तिकडं बसून माझाच विचार करते. यायची तयारी चालू आहे, एवढंच.

१४ जानेवारी

नात साक्षीचा व्हिडिओ कॉल. तिळगूळ घ्या वगैरे. मग म्हणाली, आजोबा, आजी स्कूटी शिकते. मागून मनुबाई म्हणाली, गप गं, त्यांना कशाला सांगतीस. मी हसलो. सत्तावन्नाव्या वर्षी. झोळ काढलेल्या तारेसारखी ताठ बसत असणार. दोन दिवसांत गुडघा फोडून घेईल आणि घरी येईल.

तिनं गुडघा फोडावा असं माझं म्हणणं नाही.

१८ जानेवारी

कृष्णातची बॅटरी येऊन आठवडा झाला. मालक म्हणून त्याचा अभिप्राय घ्यायला मुद्दाम गेलो. वही घेऊन. घरात बसून करायचं काय, म्हणजे कामं पुष्कळ आहेत, पण हे महत्त्वाचं.

कृष्णातच्या पायाला फडकं बांधलेलं. उसाला पाणी पाजायला गेला होता. म्हणाला, तात्या, लांबचं लय भारी दिसतंय. विहिरीपल्याडचा बगळा दिसला, त्येचं डोळं दिसलं. पायाखालची मोरी तेवढी दिसली न्हाई. गुडघ्यापर्यंत आत. मी विचारलं, किती स्टार देतोस. म्हणाला, दोन द्या, त्यातला एक तुमी आल्याबद्दल.

मी वहीत चार लिहिले. चालताना खाली बघणं ही वापरणाऱ्याची जबाबदारी आहे.

त्याच्या बायकोनं चहा केला. जेवून जा म्हणाली. नको म्हणालो. पुन्हा म्हणाली असती तर बसलो असतो.

२२ जानेवारी, संध्याकाळी

ह्या बॅटरीचा आणखी एक मालक सापडला. गावातल्या नानासोच्या ऊसतोडणी झालेल्या रानात आटपाडीकडचा कोंडीबा धनगर मेंढरं बसवायला आला आहे, दरसाल येतो. त्याच्याकडं हीच बॅटरी. माझा रिव्ह्यू वाचूनच घेतली असणार. विचारलं, तर म्हणाला, पोरानं दिवाळीत दिलीया. माझा रिव्ह्यू जानेवारीतला. असो.

अभिप्राय विचारला. कोंडीबा म्हणाला, बॅटरी झ्याक हाय, पार वड्याच्या काठाचा लांडगा दिसतोय. त्याची बायको दगडाबाई चुलीपाशी होती, ती म्हणाली, लांबचा लांडगा बघून काय करायचं, जवळची कोकरं मोजायला पायजेत. म्हणून मोजायला ती जुनीच बॅटरी काढते. एक धरते, एक मोजतो. मी विचारलं, धरताना हलत नाही का. कोंडीबा म्हणाला, हलती की. हलली तर मी थांबतो.

असं करून मेंढरं मोजायला रात्र जात असेल. पण त्यांना घाई दिसली नाही.

मग दगडाबाईनं विचारलं, तुमच्या घरात कोण हाय. म्हणालो, मंडळी सांगलीला गेली, चार दिवसांसाठी. कवा गेल्या. म्हणालो, डिसेंबरात. तिनं माझ्यापुढं भाकरी सरकवली. दोन तास बसलो. अभिप्राय घेण्यात वेळ जातोच.

२६ जानेवारी

रिव्ह्यूत सुधारणा. मोठा माणूस चूक मान्य करतो. पाचाचे चार केले आणि लिहिलं :

'झोत अरुंद असल्याने दुरुस्तीच्या कामास दुसरी व्यक्ती धरण्यास लागते. ही व्यक्ती ओळखीची असावी. ती नसल्यास बॅटरीचा उपयोग मर्यादित. संध्याकाळी सात ते नऊ या वेळेत विशेष जाणवते. लोहचुंबक हा माणसाला पर्याय नाही.'

२८ जानेवारी

वेबसाइटनं रिव्ह्यू नाकारला. फक्त प्रॉडक्टविषयी लिहा म्हणे. मी कशाविषयी लिहिलं होतं?

२ फेब्रुवारी

चार दिवस लिहिलं नाही. बिझी होतो. रोज गच्चीवर बॅटरी मारतो. टाकीचे आकडे, हॉटेलची पाटी, परत टाकीचे आकडे. परवा कृष्णातच्या शेडवर मारली. त्याचा फोन येईल म्हणून बसलो. आला नाही. म्हशीला सवय झाली असावी.

आठवड्यातून एक फोन हा नियम पाळतो आहे. कालचा पुढच्या आठवड्यातला होता.

९ फेब्रुवारी, सांगलीहून परत, रात्री ८

आयर्विन पुलावरून कृष्णेच्या पात्रात झोत किती जातो ते बघायला सांगलीला गेलो होतो. जाताजाता रेश्माकडं डोकावलो. ठरवलं होतं, मनुबाईला सांगायचं, की खांबाचं बोललो ते चुकलं. बसमध्ये दोन वेळा म्हणून बघितलं. शेजारच्या माणसानं जागा बदलली.

दार रेश्मानं उघडलं. एका हातानं भरलेली गॅसची टाकी सरकवत होती. कंबर बरी झालेली दिसते.

मनुबाई घरात नव्हती. अर्ध्या तासानं खाली हॉर्न वाजला. गॅलरीतून बघितलं, तर ती स्कूटीवर, मागं शेजारची एक बाई, आणि दोघी हसताहेत. मनुबाई मान मागं टाकून हसत होती. लग्नाला छत्तीस वर्षं झाली. अशी हसते हे मला माहीत नव्हतं.

वर आली आणि मला बघून म्हणाली, आवं, कळवायचं न्हाई का, वांगं केलं असतं. मग वांगंच केलं.

जेवताना लाईट गेली. बिल्डिंगमधल्या सगळ्यांची होती, फक्त आमची गेली. मी लगेच उठलो, बॅटरी काढली, बोर्ड उघडला आणि सवयीनं म्हणालो, मनू, जरा धर. ती म्हणाली, तुमी बसा, जेवा, माणूस येतोय, फोन केलाय. धनाजी म्हणून इलेक्ट्रिशियन आला. कपाळाला पट्ट्यानं बॅटरी बांधलेली. जिकडं बघेल तिकडं उजेड. पाच मिनिटांत काम. मनुबाईनं त्याला चहा दिला आणि मला म्हणाली, बघा, किती सोपं हाय.

कपाळावर बॅटरी बांधलेली माणसाला शोभत नाही, एवढंच माझं मत. पुलावर गेलो नाही. पाचची गाडी मिळाली. खांबाचं राहून गेलं.

११ फेब्रुवारी, संध्याकाळी ७.३०

फोनवर सांगितलं. एका दमात. की त्या दिवशी फ्यूजच्या वेळेला मी खांबाचं बोललो, ते बोलायला नको होतं. ती म्हणाली, कुठला खांब. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, आसं म्हणाला हुता व्हय, ध्येनात न्हाई. तसं तर तुमी रोजच कायबाय म्हणायचा.

ध्यानात नाही. म्हणजे राग नाही. दोन महिने मी उगाच जिवाला घोर लावून घेतला. आता येणार. कधीही येईल.

१२ ते १५ फेब्रुवारी

काम जोरात. स्वयंपाकघराचा कट्टा घासला. पिठाचे डबे उन्हात ठेवले. तिच्या पलंगावर मी वर्तमानपत्रांची रद्दी ठेवली होती ती हलवली. चादर बदलली. मीटरबोर्ड दिवसाउजेडी खोलून सगळे फ्यूज नवे बसवले. आता वर्षभर कुणाला काही धरावं लागणार नाही. परड्यात स्कूटी लावायला फरशी टाकून घेतली. बॅटरी ड्रॉवरमध्ये ठेवली. रिव्ह्यू काढून टाकला. वाचणारे वाचतील आणि भलतंच समजतील.

१६ फेब्रुवारी, संध्याकाळी ७

विचारलं, कवा येतीस. फरशीचंही सांगितलं.

मनुबाई म्हणाली, आवं, आता हितंच ऱ्हावं म्हणतीया. रेश्माला काय झालेलं न्हाई, मलाच बरं वाटतंय. हे ती रागानं म्हणाली नाही. रागानं म्हणाली असती तर मला बोलता आलं असतं.

मग मी म्हणालो. मनू, मला करमत न्हाई. आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो.

ती म्हणाली, मला बी करमत नसायचं. वारं सुटलं, पाऊस आला, की तुमी लाईनीवर. दोन दोन दिवस. लेकीला घिऊन बसायची दारात. सुरवातीला लय जड जातंय. मग हुतंय सवय. अगदी हळू बोलत होती, शेजारणीच्या रडणाऱ्या सुनेची समजूत काढावी तशी.

नंतर म्हणाली, जेवला का.

म्हणालो, जेवलो.

जेवलो नव्हतो. सकाळची भाकरी आहे, दूध तापवतो.