ओळख पटली

४ नोव्हेंबर
आज परत धुलाईघरात गेले. ह्यांना पुरल्यावर पहिल्यांदाच. मुकादमीणबाईंनी नुसतं हौदाकडे बोट दाखवलं. रक्ताचे डाग थंड पाण्यात भिजवायचे, गरम पाण्यात ते पक्के बसतात. ज्यांनी ह्यांना मारलं त्यांचेच गणवेश. हात आपोआप चालतात.

शेजारच्या हौदावर वन्सं. पहारेकऱ्याशी हसून बोलत होत्या. सख्खा भाऊ गेलाय! मला कळत नाही.

५ नोव्हेंबर
झोप नाही.

७ नोव्हेंबर
इस्त्रीवाल्या मावशींनी दुपारी जवळ बसवून घेतलं. त्यांचा मुलगा ह्यांच्याबरोबरच डोंगरात गेला, अजून पत्ता नाही. म्हणाल्या, तुला निदान शेवटची माती तरी देता आली. मग स्वतःच हसल्या — आमचा महाआळशी, पळतानासुद्धा कुठेतरी आडवा झाला असेल.

१० नोव्हेंबर
सैनिकांच्या कपड्यांत वन्सं साधे सदरेही मिसळतात. आज दिसलं. डोंगरातल्या माणसांचे असणार. गावात साबण उरलाय कुठे — म्हणून शत्रूच्याच साबणात, शत्रूच्याच कढईत उवा मारायच्या! आणि मी वन्संना मनात काय काय म्हटलं.

पण त्यात ह्यांचा निळा सदरा निघाला. बगलेची शिवण माझ्या हातची. परस्पर कुणाला देऊन टाकला? विचारलं तर म्हणाल्या, गप धू. गळ्याचं बटण नव्हतं. मी नवं लावून दिलं. का लावलं कोण जाणे.

१९ नोव्हेंबर
निळा सदरा परत धुवायला आला. मी लावलेलं बटण तुटलंय.

हे कधी बटण काढायचे नाहीत. सदरा डोक्यावरून ओढायचे, दर वेळी गळ्याचं बटण जायचं. दुसरंही कुणी तसं करत असेल. करत असेलच. डोकं चालत नाही.

२० नोव्हेंबर
वन्संना मोरीत गाठलं, नळ सोडला आणि विचारलं. वन्संनी आधी दार लोटून घेतलं. मग सांगितलं — हे जिवंत आहेत. सैनिकांनी प्रेत आणलं, चेहरा उरलाच नव्हता, आणि वन्संनी हा माझाच भाऊ म्हणून ओळख पटवली. त्यामुळे ह्यांचा शोध थांबला.

"मला का नाही सांगितलंत?"

"तुला खोटं रडता आलं नसतं, बाई. तू रडलीस ते बघून त्यांचा विश्वास बसला."

चिडावं की पाया पडावं? जेवले नाही. मग जेवले.

२१ नोव्हेंबर
मग पुरलं कुणाला?

वन्सं आधी माहीत नाही म्हणाल्या. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, मावशींच्या मुलाला. पायावरून कळलं होतं. मावशींना सांगितलं तर त्या तिथे जाऊन हंबरडा फोडणार, आणि सगळं उघडं पडणार. तुझा नवरा, त्याच्याबरोबरची सगळी माणसं...

म्हणजे मी सांगायचं नाही.

२३ नोव्हेंबर
मावशींना सोबत म्हणून, जिथे पुरलं त्या मातीवर घेऊन गेले. फाटकाशी पहारा होताच. मी म्हटलं, मावशी, मला आता रडू येत नाही. माझ्यासाठी तुम्ही रडाल?

"ये पोरी," म्हणाल्या, आणि मातीवर हात ठेवून रडल्या. खूप वेळ. मी त्यांना उठवलं नाही.