अर्धं चाक माझं होतं

प्रिय बा,

हा कागद घेऊन तीन महिने झाले. नेरळच्या दुकानात घेतला तेव्हाच ठरवलं होतं, आज लिहायचं. मग माथेरानची छोटी गाडी सुटताना दिसली आणि मी तिच्या मागे चढावर धावत सुटलो. दुसऱ्या दिवशी दौत नव्हती. तिसऱ्या दिवशी दौत मिळाली तर म्हटलं, आधी कोंडाण्याची लेणी बघून येऊ. रोज काहीतरी निघायचं, बा. जेव्हा निघत नव्हतं तेव्हा मीच काढायचो.

तू गेलास हेसुद्धा मला बारा दिवसांनी कळलं. नेरळला हमाली करत होतो. कडावचा एक माणूस भाताची पोती घेऊन आला होता, तो माझ्याकडे बघतच राहिला. “तू खालापूरच्या धोंडू चांभाराचा गण्या ना रं? अरं, तुझा बा गेला, आनि तू हितं काय करतोस?” माझ्या डोक्यावर कुणाचा तरी बिछाना होता. तो खाली ठेवायचंही सुचलं नाही.

आणि घरी यायला मला आणखी तीन महिने लागले! असा मुलगा तुझा.

आज मात्र बसलोय, तुझ्याच पोत्यावर, तुझ्याच जागी. सकाळी आत्यानं तुझी हत्यारांची पिशवी माझ्यापुढं टाकली. म्हणाली, “वापर न्हायतर इकून टाक. मला डोळ्यांपुढं नको.” पिशवीत काय निघालं ते पुढं सांगतो. आधी मला माझं सांगू दे.

तुला आठवतो तो दिवस? इस्माईलभाईनं मोटार आपल्या अंगणापुढच्या चिंचेखाली उभी केली होती. मोटारीचे मालक शेठ वर खंडाळ्याला बंगल्यात, आणि हा त्यांचा ड्रायव्हर, त्यांना आणायला निघालेला. हातातलं चाक लाकडाचं, घाम आला की सटकतं म्हणाला. “मिस्त्री, घाटात इष्टेरिंग हातातून निसटतंय. याला कातडं चढव. पनवेलपासून विचारत आलोय, सगळे म्हणतात धोंडूच करील.”

मिस्त्री! तुला आजवर कुणी मिस्त्री म्हटलं होतं का? तू दोनदा मागं वळून बघितलंस, दुसरं कोणी उभं आहे का म्हणून.

चाक मोटारीतून निघत नव्हतं, म्हणजे शिवायला आतच बसायला हवं. तू दाराशी अडलास. शेठच्या गादीवर कसं बसायचं? इस्माईलभाई हसला. “अरे बस की! गादीला काय तोंड आहे सांगायला?” तरी तू घरातून आपलं पोतं आणलंस, गादीवर अंथरलंस, आणि मग बसलास. बसलास तेही कडेला, अर्धा बाहेर.

दोऱ्यानं चाकाचं माप घेतलंस. बकऱ्याचं कातडं भिजवून मऊ केलंस. ओलं असतानाच ताणून शिवायचं, वाळलं की ते आपणच आवळून बसतं. दोन सुया, एका दोऱ्याच्या दोन टोकांना. प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जायच्या. “एका बाजूनं दोरा तुटला तरी दुसरा धरून ऱ्हातो,” तू म्हणालास, “आनि एका सुईचा टाका एकदा तुटला, का सरसर सुटत जातो.” हे मी शंभरदा ऐकलेलं. शाळेत पडवीत बसून तिसरीपर्यंत काय शिकलो ते आठवत नाही, पण हे आठवतं.

आणि मग तू ते बोललास. चाकावरून अंगठा फिरवत, हळू, जणू कुणी ऐकेल म्हणून. “गण्या, जन्मभर लोकांच्या पायातलं केलं रं. आज पयल्यांदा हातातलं करतोय.”

तेवढ्यात पाटलाच्या मळ्यावरून बोलावणं आलं. विहिरीवरची कातडी मोट फाटली होती. तू का गेलास, बा? एक दिवस, एकच दिवस, नाही म्हणाला असतास तर? पण तू उठलास. अर्धं चाक झालं होतं. सुया माझ्या हातात दिल्यास. “ऱ्हायलेलं तू कर. दोन सुयांनी. घाई नाय.”

मला घाई होती. कर्जतला बिनधुराचं इंजिन येणार, विजेवर चालणार, घाट चढणार, असं सगळे बोलत होते, आणि ते त्याच संध्याकाळी येणार अशी आवई होती. मी एक सुई पोत्यात खोचून ठेवली. दुसरीनं भराभर गुंडाळत गेलो. दोरा घट्ट ओढला की वरून बघणाऱ्याला फरक कळत नाही. इस्माईलभाई चिंचेखाली आडवा झाला होता. उठून बघितलं त्यानं, हात फिरवला. “दोन सुयांचं ना रे पोरा? तुझा बा तसं म्हणाला होता.”

“व्हय,” मी म्हणालो.

एवढंच बोललो, बा. एक शब्द. मग धावत सुटलो.

इंजिन आलंच नाही! नुसते खांब आणि तारा बघून, फलाटावर पडून राहून, तिसऱ्या दिवशी घरी परतलो. अंगणात माणसं जमलेली. मला वाटलं, मोट चांगली शिवलीस म्हणून की काय. शेठच्या दिवाणजीनं माझ्यासमोरच ते कातडं अंगणात फेकलं. खोपोलीच्या वर, घाटातल्या वळणावर, दोरा तुटला होता. चाक जागच्या जागी राहिलं आणि कातडं तेवढं इस्माईलभाईच्या मुठीत फिरलं. मोटार कठड्यावर. शेठ आत नव्हते, ते वाचले. इस्माईलभाईचा उजवा हात मनगटापासून कापावा लागला.

गर्दीतून कोणीतरी म्हणालं, “चांभारानं पायातलंच करावं. हातातलं कशाला कराया जावं?”

तू कातडं उचललंस. उलटं केलंस. अर्ध्यावर दोन दोरे, अर्ध्यावर एक सुटलेला. तू एकदाच वर बघितलंस, थेट माझ्याकडे. मग दिवाणजीला म्हणालास, “टाका माझा व्हता. चूक माझी.”

का म्हणालास? मला सगळ्यांसमोर बदडायचंस! मोटेच्या वादीनं फोडायचंस! मी दारात उभा होतो, तोंडात जीभ होती, आणि मी तुला ते बोलू दिलं. त्यानंतर तू माझ्याशी त्यावर एक अक्षर बोलला नाहीस. भाकरी वाढायचास, पाणी द्यायचास. ते मला सोसलं नाही. आठव्या दिवशी मी पळालो.

आत्या सांगते, पुढं लोक वहाणा सांधायलासुद्धा तुझ्याकडं येईनात. चौक गावाला जायचे. तू दिवसभर पोत्यावर बसून असायचास. “काय करायचा गं तो?” मी विचारलं. “मला काय ठावं? पाठ फिरवून बसायचा. काईतरी हातात असायचं.”

काय हातात असायचं ते आज पिशवीतून निघालं. तेच कातडं, बा. माझे सगळे टाके तू उसवलेस. ते पुन्हा भिजवलंस, आणि माझं अर्धं तू दोन सुयांनी शिवत आणलंस. आत चाक नाही, काही नाही, नुसतं पोकळ कडं. कुठल्या मोटारीसाठी रे? कोण घालणार होतं ते? शेवटचे वीतभर टाके राहिलेत. दोन्ही सुया दोऱ्याला तशाच लोंबतायत, थोड्या गंजलेल्या. तिथं तुझे हात थांबले, की तूच थांबवलेस? मला कोण सांगणार आता?

मी सकाळपासून ते मांडीवर घेऊन बसलोय. शिवायला हात धजत नाही. आधी दुसरं काम आहे. इस्माईलभाई पनवेलच्या बाजूला कुठेतरी असतो म्हणतात. मी उद्या निघतो. वाटेत लेणी नाही, इंजिन नाही, काही नाही बघणार. त्याच्यापुढं उभा राहून सांगणार, की माझ्या बापानं शिवलेलं अर्धं तुटलं नव्हतं.

थांब. दारात कोणीतरी हाक मारतंय. आत्या बाहेर गेली.

बा, तोच आहे. इस्माईलभाई. खरंच तो. उजवी बाही गाठ मारून खाली सोडलेली. आत्याला विचारतोय, “मिस्त्री आहेत का?” त्याला माहीतच नाही तू गेलास! टांगा हाकतो म्हणे आता. लगाम अडकवायला तुटक्या हाताला कातड्याचा पट्टा हवाय. आत्या म्हणाली, “अरं, त्याच्याच टाक्यानं तुझा हात गेला ना?” तर तो म्हणतो, “गेला. पण मी त्याला शिवताना बघितलंय. दुसऱ्याकडं मन नाही जात.”

ऐकलंस?

आता उद्या नाही. हा कागद इथंच ठेवून उठतोय. आधी त्याला सांगतो, एक सुई कोणाची होती ते, आत्यासमोर, मोठ्यानं, शेजारी ऐकतील असं. मग तो थुंकून निघून गेला तर गेला. आणि थांबलाच, तर पट्टा मी शिवीन. दोन सुयांनी. घाई न करता.

तुझा,
गण्या