दुसरीच्या ढिगावर ओतलेली खडी

रविवार, १९ जानेवारी २०२५
पिंप्राळा

चिडचिड अजून गेलेली नाही. बहात्तरच्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडणाऱ्या बायांच्या आठवणी जमवतेय, म्हणून आज पारोळ्याला सुमनअक्कांकडे गेले. अक्का ऐंशीच्या घरात. पण मुलगा त्यांना बोलू देईल तर ना! प्रश्न अक्कांना विचारायचा आणि उत्तर सुरेशभाऊंनी द्यायचं. "तिला काय आठवतंय, मी सांगतो." मग पाऊस, सरकार, पुढारी. हे सगळं मला पुस्तकात मिळतं की!

शेवटी मीच जरा जोरात म्हटलं, "भाऊ, त्यांना बोलू द्या."

अक्का हळूच म्हणाल्या, "मी पोटशी व्हतू. हात चालेना." काम कमी भरलं की मुकादम घरी पाठवायचा. म्हणून त्याची पाठ फिरली की शेजारच्या बाया आपल्या खडीतली एकेक पाटी अक्कांच्या ढिगावर ओतायच्या. अगदी बाळंतपणापर्यंत. पोटातलं ते पोर म्हणजे हे सुरेशभाऊ.

ते अक्कांकडे वळले. मग म्हणाले, "माय, हाई तू माले कव्हय सांगं नही?"

"तू कव्हय इचारं?" कधी विचारलंस तू, असं अक्कांचं उत्तर.

त्या बाया कोण, हे माझ्याआधी त्यांनीच विचारलं. अक्कांनी खूप आठवून पाहिलं. एक सखू आठवली. बाकीच्यांचे चेहरे दिसतात, म्हणाल्या, नावं येत नाहीत.

स्वतःचं काम कमी करून दुसरीच्या ढिगावर पाटी ओतणाऱ्या इतक्या बाया, आणि माझ्याकडे नाव आहे ते एकटीचं. दहा वर्षं आधी का नाही गेले मी?