एका कार्डावर पाच

४ मार्च २०१९, सोमवार

लॅब पुन्हा पडली! नऊ चाळीसला नोंदणीच्या खिडकीवरचा संगणक अडला, दहाला औषधालय, सव्वादहाला लॅब. दरवेळी हाच क्रम. मला कुणी सांगायला नको — सगळ्या विभागांची बोंब आधी माझ्या कानात येते. नऊ वर्षं रुग्णालयाच्या या फोनबोर्डावर बसलेय. आंधळ्यांना सरकारी नोकरीत या स्फाक्स शहरात हीच खुर्ची मिळते. फोन उचला, फोन जोडा.

बालविभागाची नर्स रौदा अकरा वेळा बोलली. तीन दिवसांचं बाळ, हळदीसारखं पिवळं पडलेलं, आणि रक्ताचा अहवाल लॅबच्या संगणकात अडकलेला. अकराव्या वेळी ती ओरडली नाही. हळूच म्हणाली, "दलंदा, त्याच्या आईला मी आता काय सांगू?"

चार तासांनी कुणीतरी आकडे कागदावर लिहून धावत नेले. बाळ वाचलं. पुढचं वाचेलच असं कोण सांगतं?

५ मार्च

सी लस्सादच्या खोलीत गेले. संगणक विभागाचा प्रमुख, म्हणून नावाआधी सी, म्हणजे साहेब. उभ्याउभ्याच सांगितलं — सगळे विभाग एकाच जाळ्यात आहेत, म्हणून नोंदणीतला व्हायरस थेट लॅबपर्यंत जातो. वेगळे करा. तळघरातल्या सर्व्हरवर लिनक्स आहे. त्याच्या एका नेटवर्क कार्डावर पाच व्हर्च्युअल, म्हणजे नुसती नावाची, कार्डं करता येतात, प्रत्येक विभागाला एक. वेगळं करायचं काम तळघरातल्या स्विचलाही, म्हणजे सगळ्या वायरी जिथे जोडल्यात त्या पेटीलाही, येतं, आजवर त्याला कुणी विचारलं नाही इतकंच.

हसला. "पोरी, तुला केबल कशी दिसणार?"

"तिथे केबल नसतेच, सी लस्साद. तुम्हालाही दिसणार नाही."

हसू थांबलं. "संगणक पुरवणारी कंपनी पुढच्या वर्षी सगळं नवीन बसवणार आहे. तू फोन जोड."

६ मार्च

पुढच्या वर्षी!

९ मार्च, शनिवार

दिवसभर लॅपटॉपवर. आईने अंडं भरलेले ब्रिक तळले, "अंडं थंड व्हायच्या आत खा" म्हणून तीनदा ओरडली. थंडच खाल्ले.

लॅपटॉपच्या पोटात अख्खं रुग्णालय उभं केलं. एक खोली लॅबची, एक औषधालयाची, अशा पाच. प्रत्येकीला एक नुसतं नावाचं कार्ड. मग नोंदणीतून लॅबला हाक मारली — उत्तर नाही. सर्व्हरमधून मारली — आलं! अकरा वर्षं हे शिकतेय, पडदा वाचणारा आवाज ऐकून ऐकून. तो इतका भरभर बोलतो की आईला वाटतं कोंबडीच्या मागे कुत्रं लागलंय.

आई म्हणाली, "एवढं कुणासाठी? तुला चहाला तरी बोलावतात का ते?"

"नाही."

"मग?"

 उत्तर इथे लिहिते. मला येतं म्हणून!

१२ मार्च

अम फतहींना, संगणक विभागाच्या जुन्या तंत्रज्ञाला, गाठलं. सगळं रुग्णालय त्यांना अम, म्हणजे काका, म्हणतं. तळघराची किल्ली त्यांच्याकडे, सर्व्हरचा पासवर्डही त्यांच्याकडे.

"अगं, मला निवृत्त व्हायचंय. निलंबित नाही!"

तासभर समजावलं. ते नुसते हुं हुं करत होते. मग एकदम म्हणाले, "कुठली वायर कुठल्या विभागात जाते ते कागदावर कुठेच नाही, माहितीये? सगळं इथे आहे." डोक्यावर टकटक केल्याचा आवाज आला. मी लॅपटॉप उघडला. बेचाळीस वायरी त्यांनी घडाघडा सांगितल्या, एकदाही न अडखळता. लिहून घेताना कळलं — हा माणूस तयार झाला!

लॅबच्या डॉक्टर शिराजना आम्ही दोघांनी जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, "रविवारी दोन तास आम्ही कागदावर चालवू. कर बाई, एकदाचं कर." सी लस्सादला विचारलं नाही. त्याचं उत्तर मला पाठ आहे.

१७ मार्च, रविवार

तळघरात डिझेलचा वास आणि पंख्यांची घरघर. सर्व्हरला बोलता येत नाही, म्हणून माझा लॅपटॉप त्याला जोडला. पहिलं कार्ड. दुसरं. तिसरं. चौथ्याला आवाज गप्प!

ज्या वाटेने आत शिरले होते तीच बंद करून बसले होते.

"अम फतही, पडद्यावर काय आहे?"

"काही नाही. तू काय केलंस?"

सुरुवातीलाच सर्व्हरला बजावून ठेवलं होतं — दहा मिनिटांत माझ्याकडून काही आलं नाही, तर सगळं पूर्वीसारखं कर. म्हणजे आता दहा मिनिटं हात बांधून बसायचं. अम फतहींच्या जपमाळेचे मणी एकेक खाली येताना ऐकत होते. घाम हनुवटीवरून टपकत होता. आणि मग तो आवाज! कोंबडी, कुत्रं, सगळं!

दुसऱ्या खेपेला चुकले नाही. दुपारी एकला पाचही कार्डं उभी, अम फतहींनी स्विचमध्येही विभाग वेगळे केले. अम फतहींनी पाठीवर अशी थाप मारली की अजून दुखतेय.

१८ मार्च, सोमवार

वीज गेली. जनरेटर उशिरा लागला. सर्व्हर बंद होऊन चालू झाला — आणि पाचही कार्डं नाहीशी. नुसत्या कमांडने केलेलं मशीन बंद पडताच पुसलं जातं. टिकवायचं तर फाइलमध्ये लिहून ठेवावं लागतं. हे मला माहीत होतं! खुशीत विसरले. अम फतहींनी स्विच पुन्हा पूर्वीसारखा करेपर्यंत अर्धा तास अख्खं रुग्णालय ठप्प. प्रत्येक फोन मीच उचलला.

सी लस्साद बोर्डापाशी आला, सगळ्यांदेखत. "आंधळीच्या हाती सुईदोरा दिला की असंच व्हायचं."

मी म्हटलं, "चूक माझी आहे. पण टाके बरोबर होते."

१९ मार्च

रडले. पुरे.

२० मार्च, बुधवार

स्वातंत्र्यदिनाची सुट्टी. अम फतहींना फोन करायचं धाडस होत नव्हतं. त्यांचाच आला. "येतेस ना? दोघांसाठी चण्यांची लबलबी बांधून घेतलीये, हरिसाची चटणी जास्त टाकून."

आधी डॉक्टर शिराजकडे गेले. त्या म्हणाल्या, "या खेपेला वेगळं काय?"

"या खेपेला मशीन मी मुद्दाम बंद करणार. तीनदा."

सगळं फाइलमध्ये लिहिलं. बंद. चालू. पाच. बंद. चालू. पाच. तिसऱ्यांदा अम फतहींनी सरळ वायरच उपटली! "वीज कधी सांगून जाते का?" चालू. पाच!

लबलबी थंड झाली होती. वाटी चाटून पुसून खाल्ली.

२६ मार्च, मंगळवार

नऊ पंचावन्नला नोंदणीचा संगणक अडला. कानावरचा हेडफोन घट्ट दाबला. दहा वाजले. सव्वादहा. साडेदहा. औषधालयाचा फोन नाही. लॅबचा नाही. शेवटी मीच रौदाला फोन लावला.

"अहवाल येतायत?"

"येतायत की. का गं?"

"काही नाही."

काही नाही!!

२८ मार्च

सी लस्सादने बोलावलं. एक कागद वाचून दाखवला. मी परवानगीशिवाय काम केलं. त्याबद्दल दिलगीर आहे. "बस्स, एवढंच. इथे सही कर." माझं बोट धरून कागदावर टेकवलं. मी सोडवून घेतलं. मग फोनने कागदाचा फोटो काढला आणि फोनलाच वाचायला लावला. मोठ्याने.

त्याने वाचली दोन वाक्यं. कागदावर होती तीन. "यापुढे मी रुग्णालयाच्या कोणत्याही संगणकाला हात लावणार नाही."

 मग तो खाकरला. "ते... ते नेहमीचंच असतं गं."

"तुमची परवानगी घेतली नाही हे खरं आहे. तेवढं मी माझ्या शब्दांत लिहून देते. हे नाही देणार."

"मग सोमवारी कंपनीचा माणूस येऊन सगळं काढून टाकेल!"

"काढू दे. मला पुन्हा करता येतं."

बाहेर येऊन बोर्डावर बसले आणि पुढचा फोन उचलला.  

३१ मार्च, रविवार

आईने विचारलं, "नोकरी गेली तर?" म्हटलं, "फोन दुसरं कुणी उचलेल." तिने कपाट उघडल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "उद्या तो निळा कोट घाल. त्यात तू ताठ दिसतेस."

१ एप्रिल, सोमवार

सव्वाअकराला तळघरातून फोन. परका, तरुण आवाज, बोलणं राजधानीकडचं, ट्यूनिसचं. "ऑपरेटरबाई, मला इथलं सगळं काढायला पाठवलंय. तासभर बघतोय. हे काढलं तर लॅब पुन्हा उघडी पडेल. मी हात लावणार नाही, तसं लिहून देतोय. ज्या इंजिनिअरने हे केलं त्यांना जोडून द्या."

"बोला."

"तुम्ही नाही हो. इंजिनिअर."

"मीच. बोला."