आईचं रविवारचं मीठ

बाबा, आज तुमच्याशी भांडायचं म्हणून बसले आहे. तुम्ही समोर असतात तर आधी चहाच टाकला असता. हल्ली दिवेलागणीला माझी डावी पापणी खाली येते. सकाळी मी टवटवीत, आणि रात्री पोळी चावता चावता जबडा थकून जातो. आईचंच दुखणं. फरक एवढाच, की आता रायपुरातच त्याचं नाव सांगणारी डॉक्टर आहे. तिनं गोळ्या लिहिल्या आणि विचारलं, "पोट साफ व्हायला काही घेता का? मॅग्नेशियमचं मीठ वगैरे? ते बिलकुल नको." मला तुमचा स्टीलचा पेला दिसला, आणि पुढचं मी ऐकलंच नाही. तिला पुन्हा सांगावं लागलं.

रायपूरच्या जुन्या मोहल्ल्यातलं, बूढापाऱ्यातलं आपलं स्वयंपाकघर. राज्य नवं झालेलं, जिकडेतिकडे राजधानीच्या पाट्या, तुम्ही रेल्वेतून नुकतेच निवृत्त. रविवार आहे. तुम्ही जुलाबाचं मीठ गरम पाण्यात ढवळता, आधी स्वतः पिता, तोंड वाकडं करता, मग आईपुढे धरता. ती पाटावर बसलेली, हनुवटीला हाताचा टेकू. "मले नका देऊ जी ते. घेतलं का अंगातला जोरच निघून जाते. पदर सावरवत नाही दिवसभर." तुम्ही हसता. "पोट साफ तं सारं साफ! अवं, राजधानीत राहून राहिली तू आता, डोळे तं उघडे ठेव." "तुमची राजधानी तुमच्यापाशीच ठेवा," ती म्हणते. आणि पिते. तुम्ही मायेनं दिलं म्हणून पिते.

घरी येऊन मी जमेल तसं वाचलं, शब्दकोश मांडीवर घेऊन. नसेच्या टोकाला एक रसायन असतं, ॲसिटिलकोलीन. नस ते सोडते, तेव्हा स्नायू हलतो. पंगतीसारखं समजा: नस वाढणारी, स्नायू जेवणारा. आपल्या या दुखण्यात वाढणारी धड असते, पण पुढची ताटंच कमी झालेली. काही औषधं वाढणारीचा हात सैल सोडतात, काही आखडतात. अंगातली संप्रेरकंही त्यात लुडबुड करतात म्हणे. मॅग्नेशियम हात आखडणारं. आधीच ताटं कमी, त्यात वाढणारीचाही हात धरला, तर जेवणाऱ्यानं उठावं कशाच्या बळावर?

डॉक्टरला मी आईचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "इतक्या वर्षांनी नक्की काही सांगता येणार नाही, काकू. कदाचित त्यानं वाढलं असेल, कदाचित दुखणंच वाढत होतं." हे 'कदाचित' मला ना गिळता येत, ना थुंकता. शेवटी शेवटी आईचा श्वासच थकला. तुम्ही पायथ्याशी बसून तिचे पाय चेपत होतात ते मी पाहिलं आहे. तुमच्याइतकी सेवा साऱ्या मोहल्ल्यात कोणी केली नसेल. म्हणूनच तर राग कुठं ठेवावा ते कळत नाही. तुम्हाला विज्ञान ठाऊक नव्हतं, त्याचा राग नाही. तेव्हा ते आपल्यात कोणालाच ठाऊक नव्हतं. पण तिला तिचं अंग ठाऊक होतं, बाबा. ती बोलत होती.

काल लेकीला त्या मिठाचं सांगितलं, तर तिनं विचारलं, "मम्मी, नाना को पता था क्या?" मी म्हटलं, "नाही वो पोट्टी, त्यायले काय मालूम." तिनं मान हलवली, "फिर नाना की क्या गलती," म्हणाली आणि माझ्या गोळ्या डबीत भरू लागली. आई नको म्हणाली होती, ते मात्र मी तिला सांगितलं नाही. तिचे लाडके नाना तसेच राहावेत म्हणून ओठ मिटले, आणि आईचं म्हणणं या घरात आणखी एकदा राहून गेलं.